‘पहिली उचल’, ‘एफआरपी’ आणि ‘हमीभाव’: उसाच्या दराची भाषा

प्रश्न असा आहे: गळीत हंगामात कोल्हापूरच्या बातम्यांत ‘विनाकपात पहिली उचल ३,४०० रुपये’ असा मथळा असतो (उचल म्हणजे कारखान्याने उसाच्या बिलापोटी दिलेला पहिला हप्ता) आणि त्याच बातमीत केंद्राची २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा कायदेशीर किमान दर, टनाला ३,५५० रुपये असल्याचंही लिहिलेलं असतं. मग उचल म्हणजेच एफआरपी का? उचल कमी दिसते म्हणजे कायदा मोडला का? आणि एफआरपीला सरळ ‘हमीभाव’ लिहिलं तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. ‘हमीभाव’ चालणार नाही. सोयाबीन, तूर, भात यांचा हमीभाव सरकार जाहीर करतं आणि बाजार पडला तर खरेदी केंद्र उघडून माल स्वतः विकत घेतं. केंद्र उघडलं नाही, बारदान संपलं, ओलावा जास्त निघाला, की शेतकरी हमीभावाच्या खाली विकतो आणि त्या व्यापाऱ्याविरुद्ध सहसा काही करता येत नाही. उसात सरकार एक कांडंही विकत घेत नाही. दर देण्याची सक्ती खरेदीदारावर, म्हणजे कारखान्यावर असते आणि ती १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशातून येते. दोन्ही दरांची शिफारस कृषिमूल्य आयोगच करतो, म्हणून शब्दांची सरमिसळ होते. पण हमीभाव हे सरकारचं आश्वासन आहे आणि एफआरपी हे कारखान्याचं देणं आहे. बातमीत ‘उसाचा हमीभाव’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, पैसे सरकार देणार आहे.

एफआरपीचं सरकारी मराठी रूप ‘रास्त व किफायतशीर दर’ असं आहे. २००९-१० च्या हंगामापासून ते आलं. त्याआधी ‘किमान वैधानिक दर’ होता. जुना शब्द कानाला रूक्ष लागतो, पण ‘किमान’ आणि ‘वैधानिक’ या दोन्ही गोष्टी तो उघड सांगत होता: यापेक्षा कमी नाही, आणि हे कायद्याने. ‘किफायतशीर’चा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘खिशाला परवडणारं, स्वस्तात पडणारं’ असा झाला आहे. त्यामुळे दर कुणाला किफायतशीर, पिकवणाऱ्याला की घेणाऱ्याला, हे त्या शब्दावरून कळत नाही. शिरोळ-कागलकडे कुणी तो बोलतही नाही, सगळे ‘एफआरपी’च म्हणतात. लिहितानाही तेच लिहावं.

आता ‘उचल’. हा शब्द कायद्यात नाही, तो बँकेच्या व्यवहारातला आहे. साखर पोत्यात भरली तरी लगेच विकली जात नाही, वर्षभर हळूहळू विकते. उसाचं बिल मात्र लगेच द्यायचं असतं. म्हणून कारखाना गोदामातली साखर राज्य बँकेकडे किंवा जिल्हा बँकेकडे तारण ठेवतो आणि तिच्यावर पैसे ‘उचलतो’. समजा बँकेने साखरेचं मूल्यांकन क्विंटलला ३,४०० रुपये धरलं आणि त्याच्या ८५ टक्के रक्कम दिली, तर २,८९० रुपये होतात. त्यातून जुन्या कर्जाचे हप्ते आणि प्रक्रिया खर्च यांपोटी समजा ७५० गेले, तर उसाच्या बिलासाठी क्विंटलमागे २,१४० उरले. साखर उतारा १२.२५ टक्के असेल तर एका टनातून सव्वा क्विंटलला थोडी कमी, म्हणजे १२२.५ किलो साखर निघते. तेव्हा उसाच्या टनाला हातात येतात सुमारे २,६२० रुपये. एफआरपी यापेक्षा जास्त बसते आणि मधली तूट कारखान्याला दुसरीकडून उभी करावी लागते. सहकारी बँकांच्या भाषेत याला ‘अपुरा दुरावा’ म्हणतात. कारखाना ‘शॉर्ट मार्जिन’मध्ये गेला असं ऐकलं, तर त्याचा अर्थ हाच.

बँकेतून जेवढी उचल, तेवढी सभासदाला उचल, बाकी हिशेब हंगाम संपल्यावर: अशी सहकारातली जुनी रीत होती. पहिली उचल, मग दुसरा हप्ता, मग दिवाळीचा हप्ता, शेवटी अंतिम दर. त्या रीतीत शब्द बरोबर होता, कारण अंतिम दर खरोखरच नंतर ठरायचा. आज किमान रक्कम आधीच ठरलेली असते. तरी शब्द तसाच राहिला आणि मला खटकतं ते इथे. ‘उचल’ म्हटलं की देणारा पुढचे पैसे आधी देऊन उपकार करतोय असं वाटतं. वास्तविक ऊस काट्यावर वजन होऊन गव्हाणीत पडला, की ते शेतकऱ्याचं येणं झालं.

शब्दाचा वापरच हे दाखवतो. बीडकडून येणाऱ्या तोडणी मजुरांच्या तोंडी ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती ‘फेडावी’ लागते, हंगामात ‘फिटते’ किंवा ‘फिटत नाही’, आणि न फिटलेली पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसते. शेतकऱ्याची उचल कधी कुणी ‘फेडली’ म्हणत नाही. एकाच फडात कोयता चालवणाऱ्याची उचल हे कर्ज असतं आणि बांधावर उभ्या असलेल्या मालकाची उचल हे त्याचं स्वतःचं येणं असतं.

आता ३,४०० आणि ३,५५० चा हिशेब, कारण खरी गफलत आकड्यात आहे. केंद्र दर क्विंटलला सांगतं, २०२५-२६ साठी ३५५ रुपये. आपण टनात बोलतो, म्हणून ३,५५०. हा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६, म्हणजे टनाला ३४.६० रुपये वाढतात. उतारा १०.२५ च्या खाली गेला तर त्याच हिशेबाने घटतात, पण ९.५ टक्के किंवा त्याहून कमी उताऱ्याला ३२९.०५ रुपये क्विंटल हा तळ आहे. (इथला ‘उतारा’ म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. एकरी उतारा म्हणजे टनेज, आणि तलाठ्याकडचा उतारा म्हणजे सातबारा. तिन्ही शब्द एकाच शेतकऱ्याच्या एकाच संभाषणात येतात.)

१२.२५ उताऱ्याच्या कारखान्याला ०.१ चे वीस टप्पे मिळतात: वीस गुणिले ३४.६० म्हणजे ६९२. एकूण एफआरपी ४,२४२. हा दर ऊस कारखान्याच्या दारात पोहोच धरून असतो. आपल्याकडे तोडणी आणि वाहतूक कारखानाच करतो आणि तो खर्च यातून वजा करतो. समजा तो टनाला ९०० आला, तर निव्वळ एफआरपी ३,३४२. म्हणजे ३,४०० ची ‘उचल’ इथे एफआरपीपेक्षा ५८ रुपयांनी जास्तच आहे. शेजारच्या कारखान्याचा उतारा १२.७५ असेल, तर पंचवीस टप्प्यांचे ८६५ मिळून एफआरपी ४,४१५. तेच ९०० वजा केले की ३,५१५. इथे ३,४०० ची घोषणा कायद्याच्या देण्यापेक्षा ११५ रुपयांनी कमी आहे. मथळा तोच, आकडा तोच. एका ठिकाणी जादा दिलंय, दुसऱ्या ठिकाणी थकवलंय. म्हणून उतारा आणि तोडणी-वाहतूक खर्च न देता नुसती उचल छापली, तर त्या बातमीवरून काहीच ठरवता येत नाही.

‘विनाकपात’ हा त्यातला सगळ्यांत फसवा शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीच कापणार नाहीत. प्रत्यक्षात तोडणी-वाहतूक आधीच वजा केलेली असते आणि ‘विना’ असते ती बाकीची कपात, म्हणजे ठेवी, निधी, देणग्या वगैरे. सेवा सोसायटीची कर्जवसुली तर दर न बदलता बिलातून जातेच. बातमीदाराने ‘तोडणी-वाहतूक वजा जाता ३,४००’ असं लिहिलं तर चार शब्द वाढतील, पण घोटाळा मिटेल. तोडणीच्या टोळीला द्यावी लागणारी ‘खुशाली’ आणि ट्रॅक्टरवाल्याची ‘एंट्री’ कुठल्याच बिलात दिसत नाही, तीही दरातूनच जाते.

एफआरपी ‘एकरकमी’, म्हणजे तुकडे न पाडता एकदम, द्यावी अशी शेतकऱ्यांची मागणी असते. हा वाद मुदतीचा आहे. नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे; उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ३,३४२ रुपये महिनाभर थकले तर टनाला सुमारे ४२ रुपये, पन्नास टनाला जवळपास २,१०० रुपये व्याज होतं. कारखाने बिलं पंधरवड्याची काढतात, पण कायद्याचे १४ दिवस पंधरवडा संपल्यापासून मोजायचे नसतात, ते काट्याच्या पावतीवरच्या तारखेपासून मोजायचे. आणखी एक खाच आहे. हे १४ दिवसांचं बंधन ‘लेखी करार वेगळा नसेल तर’ लागू आहे. ऊस नोंदीच्या अर्जावर बारीक अक्षरात ‘कारखाना ठरवेल त्या हप्त्यांनी रक्कम घेण्यास संमती’ असं काही छापलेलं असेल आणि खाली आपली सही असेल, तर नंतर भांडताना ती सही आडवी येते. नोंद देताना तो अर्ज वाचून सही करावी.

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली: विभागाचा पायाभूत उतारा धरून पहिला हप्ता, आणि हंगाम संपल्यावर त्याच हंगामाचा उतारा काढून बाकी. समजा पायाभूत उतारा १०.२५ धरला, तर वरच्या उदाहरणातले ६९२ रुपये हंगाम संपेपर्यंत अडकणार. उतारा जितका चांगला तितके जास्त पैसे अडकतात, म्हणून याची झळ कोल्हापूर-सांगलीला सगळ्यांत जास्त. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा निर्णय रद्द केला. त्यामुळे हिशेब पुन्हा मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर आणि एकरकमी आला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत, म्हणजे शेट्टींच्या संघटनेच्या ऊसदराच्या मेळाव्यात, ‘एकरकमी’ हा शब्द इतक्या जोराने का म्हटला जातो, त्याचं कारण या ६९२ रुपयांत आहे.

राहिला ‘दुसरा हप्ता’. तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो. थकलेल्या एफआरपीचा उरलेला भाग दिला तर ती थकबाकी. तिला ‘थकीत एफआरपी’ म्हणावं. ती मिळाली नाही तर साखर आयुक्त सुनावणी घेऊन महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, काढू शकतात आणि जिल्हाधिकारी साखर जप्त करून वसुली करू शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे साखर उद्योगासाठी केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीच्या शिफारशीतून आलेली ७०:३० ची वाटणी, जिच्यासाठी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ऊस दर नियंत्रण मंडळ नेमलं. साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा एफआरपीपेक्षा जास्त निघाला, तर वरचा फरक शेतकऱ्याला द्यायचा. खरा ‘दुसरा हप्ता’ हा. एफआरपी पुरी झाल्यावरच तो सुरू होतो. तेव्हा कुणी ‘दुसरा हप्ता २०० रुपये’ जाहीर केला, तर पहिल्याने एफआरपी पुरी झाली होती का, हे आधी विचारावं. झाली नसेल, तर तो हप्ता नसून थकबाकी आहे आणि तिच्यावर १५ टक्के व्याजही लागू होतं.