लेकीस पत्र : सामान्य काळाविषयी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री घरची प्रार्थना आटोपल्यावर तू विचारलेस, "चर्चच्या वर्षातल्या या दिवसांना आपण मराठीत 'सामान्य काळ' का म्हणतो? सामान्य म्हणजे साधाच ना, मग त्यात विशेष काहीच नसते का?" तेव्हा झोपेची वेळ झाली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते मलाच अपुरे वाटले. इथे परदेशात तुझा सारा दिवस दुसऱ्या भाषेत जातो. निदान ज्या मराठी शब्दांतून आपली श्रद्धा तुझ्यापर्यंत पोहोचते, ते तुला आतून कळावेत असे मला मनापासून वाटते.

आपले उपासनावर्ष, म्हणजे चर्चच्या सणांचे आणि प्रार्थनेचे वर्ष, नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, आगमनकाळाने, म्हणजे येशूच्या येण्याची वाट पाहण्याच्या काळाने, सुरू होते. वर्षाचा आरंभ सणाने न होता वाट पाहण्याने व्हावा, हे मला फार मोलाचे वाटते. आगमनाच्या हिरव्या चक्रातल्या, दर रविवारी एक जास्त पेटवायच्या मेणबत्त्या आठव: चौथ्या रविवारी चारही पेटतात, तेव्हा पहिली झिजून बुटकी झालेली असते आणि तिच्या शेजारी चौथी नवीकोरी उभी असते. किती वाट पाहिली, ते त्या झिजलेल्या मेणावरून कळते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि त्याच्या मुळाशी जन्म हाच अर्थ आहे, एवढे सांगून पुढे जाते.

उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लागते ती राख परंपरेने गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. 'होसान्ना' म्हणत ज्या झावळ्या आपण उंचावल्या, त्याच राख होऊन आपल्याकडे परत येतात. तू लहान असताना त्या राखेचा एक कण तुझ्या नाकावर घरंगळला होता आणि तू तो मला पुसू दिला नव्हतास. तिथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, ४० दिवसांचा उपवासकाळ. त्यात रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच दिवस असतो. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. अन्न सोडले, पण देवाजवळ बसलोच नाही, तर आपला शब्दच आपल्याला खोटे पाडतो.

पुढचा पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा, म्हणजे उपवासापेक्षा आनंद लांब. हे ५० दिवस आपण घरी नीट पाळत नाही, ४० मात्र काटेकोरपणे मोजतो, याची मला खंत आहे.

आता तुझा प्रश्न. या विशेष काळांबाहेर उरतात ते आठवडे म्हणजे सामान्य काळ. तो ३३ किंवा ३४ आठवड्यांचा असतो, म्हणजे वर्षाचा निम्म्याहून मोठा भाग, आणि त्याचा रंग हिरवा. इंग्रजीतल्या 'ऑर्डिनरी टाइम' या नावाचा रोख आठवड्यांच्या क्रमाकडे आहे: पहिला, दुसरा, तिसरा. मराठी शब्दात ती मोजणी राहिली नाही, पण 'सामान्य' म्हणजे सर्वांना समान असलेले, हा दुसरा अर्थ त्यात आला, आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. या आठवड्यांत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, क्रमाने वाचले जाते आणि येशू वाटेने चालताना, आजाऱ्यांना बरे करताना, लोकांच्या पंगतीला बसताना दिसतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो बी पेरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो: माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते ते त्याला कळतही नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा.

गेल्या महिन्यात मैत्रिणीशी भांडण झाल्यावर तू आपणहून तिला फोन करून क्षमा मागितलीस. त्या दिवशी कोणताही सण नव्हता. हिरवाच आठवडा चालू होता.

येत्या रविवारी सामान्य काळाचा चौदावा आठवडा सुरू होतो. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाण्याआधी त्या दिवसाचे वाचन घरी तू मोठ्याने करशील का? बायबलमध्ये मी खूण घालून ठेवली आहे.

तुझी,
आई