किती पाडली आणि किती उरली

चि. स अनेक आशीर्वाद,

१८८९ चा एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे चांदीचे जुने नाणे, साध्या किमतीत मिळतो आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या डॉलरला कित्येक पट पैसे का मोजावे लागतात, असे तू विचारले आहेस. नाणे उलटून गरुडाखालच्या पानांच्या माळेची गाठ पाहा. तिच्याखाली अक्षर नसेल तर नाणे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे, जिथे त्या वर्षी दोन कोटींहून अधिक डॉलर पाडले गेले. ‘सीसी’ असेल तर नेवाडातील कार्सन सिटीचे, जिथे केवळ साडेतीन लाख पाडले गेले.

तरीही टांकसाळीच्या आकड्यावर विसंबू नकोस. १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, कारण महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात लोक नोटांच्या बदल्यात रुपये मागू लागले होते आणि सरकारजवळची चांदी आटत चालली होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातून गेलेल्या रुपयांत हे डॉलर मिसळलेले असतील, हा विचार मला आजही हलवून टाकतो. कोणत्या वर्षाचे किती वितळले याची नोंदच ठेवली गेली नाही. म्हणूनच न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर, चव्वेचाळीस लाख पाडूनही, फार दुर्मीळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या न वापरलेल्या नाण्यांच्या थैल्या बाहेर पडल्या आणि त्याचा भाव कोसळला.

प्रत्येक डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम असते आणि त्यात ९० टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने आधी हा हिशेब मांड. त्यावरची रक्कम तू दुर्मीळतेसाठी आणि स्थितीसाठी देत असतोस. झीज पुढच्या बाजूवरील स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर प्रथम दिसते. काळपट झाक आली म्हणून नाणे कधीही घासू नकोस. मी पहिला डॉलर खाण्याच्या सोड्याने उजळला, तेव्हा पृष्ठभागावरची मूळची चकाकी गेली ती कायमची.

कार्सन सिटीच्या नाण्यांत लबाडी फार होते. साध्या डॉलरवर अक्षरे चिकटवून विकतात. पैसे देण्यापूर्वी त्या ‘सीसी’चे भिंगातून टिपलेले छायाचित्र आणि अचूक वजन मला पाठव.

तुझा,
काका