मुलगी म्हणते मुलांच्या मेंदूचीच डॉक्टर होणार, वर्षं किती लागतील?

ताई, नाशिकच्या सिडकोतून तुमचं पत्र मिळालं. मुलगी ११वी सायन्सला, मामेभावाच्या फिट्स गोळ्यांनी थांबल्या तेव्हापासून तिने हेच धरलंय, आणि तुम्हाला धास्ती की इतकी वर्षं शिकायचं आणि नीटमध्ये मार्क कमी पडले तर काय.

वर्षांचं आधी सांगून टाकते. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, मग नीट पीजी देऊन एमडी पेडियाट्रिक्स ३, परत एन्ट्रन्स आणि डीएम पेडियाट्रिक न्यूरोलॉजी, म्हणजे मुलांच्या मेंदूच्या आजारांची वरची पदवी, ३. साडेअकरा झाली, बॉण्ड (सरकारी सेवेची सक्ती) किंवा एखादा रिपीट आला की जास्तच. डीएमच्या सीट देशभरात मोजक्या आहेत, म्हणून आत्ता डोळ्यासमोर एमबीबीएस एवढंच ठेवा, एमडी झाली की ती बालरोगतज्ज्ञ म्हणून कमवायला लागेलच, पुढचं तेव्हा बघता येतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे, हे काम नक्की काय असतं ते तिला माहितीये का? मेंदू म्हटलं की मुलांना ऑपरेशन दिसतं, ते न्यूरोसर्जन करतात. इथे बघायचं आणि ऐकायचं काम जास्त. समजा शाळेतून तक्रार येते की मुलगी वर्गात लक्षच देत नाही, डॉक्टर तिला भिरभिरं देऊन तीनेक मिनिटं जोरात फुंकायला लावतात, आणि मध्येच ती थांबते, डोळे शून्यात, काही सेकंदांनी परत फुंकायला लागते जसं काही झालंच नाही. ती फिट असते! मग ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, पक्कं करायचं आणि औषध सुरू. तसंच पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की लागोपाठ वाकून नमस्कार केल्यासारखं करतं, घरचे म्हणतात दचकतंय, पोटात दुखतंय, पण त्याही फिट्स असू शकतात, आणि त्यातले आठवडे वाया गेले तर बाळाचं शिकणं मागे पडतं, अशा वेळी आईने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

आणि समजावणं. आपल्याकडे अजूनही फिट आली की कांदा हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच हॉस्पिटल, गोळ्या मनाने बंद करू नका, हे प्रत्येक आईला न वैतागता सांगायचं. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेलं, मूल तर पूर्ण बरं होत नाही, वर्षानुवर्षं त्याच्यासोबत राहावं लागतं. ज्याला हे जमतं त्यानेच इकडे यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्क कमी पडले तर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आहे, आणि ही दुय्यम कामं अजिबात नाहीत, पाल्सीच्या मुलाला उभं करायला, जेवायला, बोलायला हीच माणसं शिकवतात. आपल्या राज्यात यांनाही नीट लागते, त्यामुळे तीच तयारी कामाला येईल. हे कोर्स आरोग्य विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात, ते तुमच्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे, त्यांच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजं बघून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या विशेष मुलांच्या शाळेत विचारून तिला थोडे दिवस मदतीला पाठवा, नुसतं सोबत बसू दे, मुलांना भरवू दे. नंतर काय वाटलं ते तिने स्वतः मला लिहावं.