अमिनोची बाटली आणि सत्तर ग्रॅम युरिया

प्रश्न (निपाणी भागातून): सोयाबीन 40 दिवसांचे झाले, पाने पिवळी पडत आहेत. दुकानातून अमिनो ॲसिडची बाटली दिली. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. तिसरी घेऊ का?

नको. आधी बाटलीचा हिशेब घालू. लेबलवर अमिनो आम्ले 20 टक्के असे छापले असेल, तर एका लिटरमध्ये साधारण 200 ग्रॅम आली. त्यांत नत्र सरासरी 16 टक्के, म्हणजे 32 ग्रॅम. एवढे नत्र सत्तर ग्रॅम युरियात असते. उलट एकरी 8 क्विंटल सोयाबीन निघाले, तर नुसत्या दाण्यांतून 45 ते 50 किलो नत्र शेताबाहेर जाते. युरियाच्या दोन पोत्यांहून जास्त! बाटलीने पिकाचे पोट भरत नाही ते यामुळे.

मुळात अमिनो आम्ल म्हणजे काय? सीझनमध्ये ट्रॅक्टरमागे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आठवा. ट्रॉलीला पुढे दांडा, मागे आकडा. अमिनो आम्लालाही अशीच दोन टोके असतात, एकीकडे नत्र असलेला अमिनो गट आणि दुसरीकडे आम्लाचा गट. एकाचे आम्ल दुसऱ्याच्या अमिनोत अडकले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जोड बसतो. रस्त्यावर दोन ट्रॉल्या, पेशीत मात्र शेकडो, आणि त्या लांबलचक रांगेचे नाव प्रथिन. ट्रॉल्यांचे मुख्य प्रकार फक्त 20. कोणती कोणामागे जोडली यावर ते प्रथिन दाण्यात साठणार, की पानात हरितद्रव्याला धरून बसणार, हे ठरते.

माणसाला यातली नऊ अमिनो आम्ले अन्नातूनच घ्यावी लागतात. झाड मात्र मुळांतून आलेले नत्र, थोडे गंधक आणि उन्हात तयार केलेली साखर एवढ्यावर वीसच्या वीस स्वतः बनवते. ज्याच्या घरी सुताराचा कारखाना, त्याला आपण बाजारातून खुर्ची नेऊन देतो, असला हा प्रकार.

बाटली अगदीच फुकट असते असेही नाही. पाणी साचून किंवा गारपिटीने पीक दबले असेल तर थोडी उभारी मिळू शकते, आणि ग्लायसीन या अमिनो आम्लाला बांधलेले जस्त किंवा लोह पानात बरे शिरते. 2021 पासून अशी उत्पादने खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण ‘जैव-उत्तेजक’ या नावाने. ती खत नाहीत हे त्या नावातच आहे. घ्यायचीच असेल तर पावती घेऊन घ्या.

आता पिवळेपणाचे बघू. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. काळ्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचे आहे. त्यावर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट व 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा. कोवळे पान शिरांसकट फिकट झाले असेल तर गंधकाचा संशय घ्या. वीसपैकी मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्ले गंधकाशिवाय बनतच नाहीत. तेवढ्या दोन ट्रॉल्या आल्या नाहीत की मागची सगळी रांग खोळंबते. मग युरिया कितीही टाका. आपल्याकडे वर्षानुवर्षे डीएपीच पेरले जाते, आणि त्यात गंधक नसल्यातच जमा. पुढच्या हंगामात स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. 50 किलोच्या पोत्यामागे साडेपाच किलो गंधक आपोआप जाते.

पण या सगळ्याच्या आधी एक करा. चार ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलकी धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत मांसासारखा लालसर-गुलाबी रंग दिसला तर हवेतले नत्र पिकाला देणारे रायझोबियम जिवाणू कामावर आहेत. तो रंगही प्रथिनाचाच, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा चुलतभाऊ. गाठ पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती नत्र देत नाही. रानात पाणी तुंबले असेल तर आधी चर काढा, गाठींनाही हवा लागते.

प्रश्न (चिकोडी तालुक्यातून): गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रथिने 20 टक्के लिहिले आहे, तरी म्हैस दुधाला चढत नाही. शेजारी म्हणतात, पेंडीत युरिया असतो. खरे का?

पोत्यावर कन्नड-इंग्रजीत जे छापतात ते ‘कच्चे प्रथिन’. प्रयोगशाळेत सहसा प्रथिन थेट मोजत नाहीत, नत्र मोजतात आणि (प्रथिनात नत्र 16 टक्के धरून) 6.25 ने गुणतात. ही पद्धत 1883 मध्ये डेन्मार्कच्या केल्डाल यांनी काढली. ते कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जवातले प्रथिन मोजत होते. चोरवाट इथेच आहे. युरियात 46 टक्के नत्र, म्हणून एक किलो युरिया कागदावर 2.87 किलो प्रथिन दिसतो. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन हे नत्राने भरलेले रसायन घातले गेले ते याच गुणाकारासाठी.

तरी म्हशीपुरता युरिया म्हणजे सरसकट विष नव्हे. कोठीपोटातले जिवाणू त्याच्यापासून अमिनो आम्ले बनवतात आणि पुढे म्हैस ते जिवाणूच पचवते. मात्र जोडीला मका भरडा किंवा मळी (मोलॅसिस) हवी, मिश्रणात युरिया 1 टक्क्याच्या वर नको, आणि सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला अजिबात नको.

घरी पाहायचे असेल तर झाकणाच्या बरणीत मूठभर पेंड, चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा. झाकण उघडताच मुतारीसारखा झोंबरा वास आला तर युरिया आहे. किती आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. हे काम सोयाबीनमधले युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) करते, ते युरियातून अमोनिया सोडवते. अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून हेच विकर सम्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 मध्ये स्फटिकरूपात काढले आणि विकर हेही प्रथिनच असते हे दाखवले. त्याला एकच हात होता, आणि या कामाला नऊ वर्षे लागली.

जे बरणीत होते तेच पोटातही होते. म्हणून युरिया असलेल्या पेंडीत कच्चे सोयाबीन भरडून कधीही मिसळू नका, अमोनिया एकदम सुटतो. जनावर थरथरले, लाळ गाळू लागले, पोट फुगले तर व्हिनेगर थंड पाण्यातून पाजा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न (अथणीहून एका ताईंचा): मुलगा तालमीत जातो, प्रोटीन पावडरचा डबा मागतो. घ्यावा का?

ताई, शाळूच्या भाकरीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते हुलग्यात आणि मसुरीत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते भाकरी भरून काढते. भाकरी, दाट आमटी, वाटीभर दही, आणि चालत असतील तर दोन अंडी, एवढे रोज ताटात पडू द्या. सोयाबीन देणार असाल तर भिजवून, नीट शिजवून द्या. कच्च्यात प्रथिनाचे पचन अडवणारा घटक असतो. डब्याचे पैसे पुढच्या महिन्यात मागेल तेव्हा बघू.