स्पीड राहू दे, करंगळीकडे बघ

अगं, तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. कॉलेजच्या पियानो ऑडिशनची डेडलाइन, वय 19, बाबा इंजिनीअरिंगचं म्हणतायत, सगळं सविस्तर सांगितलंस आणि मधेच "हात जरा दुखतो" हे एकदाच, बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसं. मी तिथेच अडकलेय. बाकीचं बघू नंतर. आधी हात, आणि त्यासाठी एकच सांगणं आहे: हळू वाजव.

हो, तेच ते जुनं सांगणं. पण तू संगीतकार शोपॅंचा तो थर्ड्सचा (मधली पट्टी सोडून दोन-दोन पट्ट्या एकदम) एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, ओपस 25 या संग्रहातला सहावा, रोज मेट्रोनोमचा, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राचा, स्पीड चार-चारने वाढवत दामटतेयस आणि वर विचारतेस की उशीर झाला का. रशियन संगीतकार राखमानिनोव 1917 च्या शेवटी रशिया सोडून निघाला तेव्हा 44 वर्षांचा होता. नाव होतं ते कंपोझर आणि कंडक्टर म्हणून, स्टेजवर वाजवायचा ते बहुतेक स्वतःचंच. घर चालवायचं म्हणून त्या वयात कॉन्सर्ट पियानिस्ट झाला, दुसऱ्यांचं रेपर्टरी, म्हणजे वाजवायच्या रचना, नव्याने बसवलं, आणि शेवटचा कार्यक्रम फेब्रुवारी 1943 मध्ये अमेरिकेत नॉक्सव्हिलला, मृत्यूच्या जेमतेम सव्वा महिना आधी. आणि तुला 19 ला उशीर झाला?

आता मुख्य गोष्ट. अब्राम चेसिन्स नावाचा पियानिस्ट हॉलिवूडला राखमानिनोवच्या घरी भेटायला गेला, तर आतून पियानो ऐकू येत होता, पण इतका संथ की काय चाललंय तेच कळेना. थोड्या वेळाने लक्षात आलं, तुझाच एट्यूड! एका बारला, म्हणजे ठेक्याच्या एका आवर्तनाला, 20 सेकंद, जवळपास तासभर, आणि हा दाराबाहेर उभा, बेल दाबवेना. घड्याळ समोर ठेव आणि एक बार 20 सेकंदात वाजवून बघ. जमणार नाही, चिडशील. मीही चिडले होते.

हळू म्हणजे पेंगत नाही गं. पट्टी तळाला गेली ना की दाब सोडायचा, कारण तोवर हातोडी तारेवर आपटून परत फिरलेली असते, नंतर कितीही रेटलंस तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त मनगट कडक होतं. आणि तुझी करंगळी. मागच्या व्हिडिओत तिसरं-चौथं बोट (अंगठा पहिला धरून, म्हणजे मधलं आणि अनामिका) वाजवत असताना ती हवेत ताठ उभी आहे. स्पीडमध्ये हे तुला कधीच दिसणार नाही, हळू वाजवलंस तरच दिसेल.

मी 22 ची असताना एका स्पर्धेआधी सहा आठवडे असाच हात रेटला. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, आणि मला ते खरं मानायचंच होतं. बाम लावून, क्रेप बँडेज बांधून, आईपासून लपवून. स्टेजवर चौथं बोट उठलंच नाही. पुढचे कित्येक महिने चहाचं गाळणं उजव्या हातात धरता येत नव्हतं. मला तेव्हा कोणी हळू वाजव म्हणालं असतं तर ऐकलं असतं का, माहीत नाही. पण कोणी म्हणायला तर हवं होतं.

लिऑन फ्लाइशर तर केवढा मोठा पियानिस्ट, 1952 ला ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन. दुखण्याला न जुमानता तासन् तास वाजवत राहिला, आणि साधारण 36 व्या वर्षी उजव्या हाताचं चौथं-पाचवं बोट आत वळायला लागलं. मग कित्येक वर्षं डाव्या हाताचं रेपर्टरी, रावेलने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानिस्ट विटगेनस्टाइनसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबतची रचना) वगैरे. दोन्ही हातांचा अल्बम परत आला तो 2004 ला. मधल्या काळात बाल्टिमोरला त्याने पियानिस्टांच्या पिढ्या घडवल्या. म्हणून कोणी "वाजवणं जमलं नाही म्हणून शिकवते" म्हटलं की मला राग येतो. मी 30 वर्षं शिकवतेय, माझ्या एकाही विद्यार्थ्याचा हात गेलेला नाही, आणि याचा मला कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त अभिमान आहे. असो, विषय तुझा आहे.

पेनकिलर घेऊन रेकॉर्डिंग करायचं नाही. अजिबात नाही! उद्याच हाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, बाबांना सोबत ने, त्यांनाही कळू दे हे काम किती अंगमेहनतीचं आहे ते. कॉलेजला ईमेल टाकून विचार, दुसरा एट्यूड चालेल का. डॉक्टर वाजव म्हणाले तरच शुक्रवारी मला पहिले चार बार पाठव, फक्त उजवा हात, 20 सेकंदाला एक, फोन बाजूला खाली ठेवून. तुझा चेहरा नाही दिसला तरी चालेल, करंगळी दिसली पाहिजे.