लाकडी बाण स्वतः बनवताना सुरुवात कुठून करावी?

आपल्याकडे ४० पौंड ओढीचा लाँगबो (लांब, पारंपरिक धनुष्य) आहे आणि त्यासाठी लाकडी बाण स्वतःच बनवायचे आहेत, तर कोणते लाकूड घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते लाकडाच्या जातीआधी दांडीच्या ताठरपणाचा, म्हणजे स्पाइनचा, विचार करावा.

प्रत्यंचेचा धक्का बसताच बाण वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालत पुढे जातो, उलट बाजूस वाकतो आणि मग हळूहळू सरळ होतो. हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळले नाही, तर नेम अचूक असूनही बाण बाजूला जातो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे आणि फार लवचिक बाण उजवीकडे सरकतो. स्पाइन मोजणे अवघड नाही. एकमेकांपासून २६ इंचांवर असलेल्या दोन आधारांवर दांडी ठेवून मधोमध २ पौंडांचे वजन टांगावे आणि ती जितके इंच झुकेल त्या आकड्याने २६ ला भागावे. ०.६५ इंच झुकली, तर स्पाइन ४० पौंड, म्हणजे साधारण आपल्या धनुष्याच्या ओढीइतकी. हा हिशेब २८ इंचांच्या बाणासाठी आहे. त्याहून लांब बाण हवा असल्यास दर इंचामागे साधारण ५ पौंड ताठ दांडी घ्यावी, आणि टोक जड लावणार असाल तर आणखी थोडी ताठ.

लाकडांमध्ये पोर्ट ऑरफर्ड सीडर हलके व सरळ रेषांचे (म्हणजे सरळ तंतूंचे) असल्याने फार पसंत केले जाते; पण स्प्रूस आणि पाइनचेही उत्तम बाण होतात, आणि ॲश जड असले तरी दणकट असते. रेषा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हव्यात. मध्येच तिरकस बाहेर पडणाऱ्या रेषांची दांडी मी कितीही गुळगुळीत असली तरी बाजूला ठेवतो, कारण सुटताना ती तिथेच मोडली तर तिची अणकुचीदार फाक धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते.

दांडी वाकडी असल्यास मंद आचेवर फिरवत गरम करून हाताने दाबून सरळ करावी. टोकासाठी ५ अंशांचा आणि नॉकसाठी, म्हणजे प्रत्यंचेत अडकणाऱ्या मागच्या खाचेच्या तुकड्यासाठी, ११ अंशांचा उतार तासावा. नॉकची खाच लाकडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषांना काटकोनात बसवावी. त्यामुळे दांडीची सर्वांत ताठ बाजू धनुष्याला लागते आणि प्रत्यंचेच्या दाबाने लाकूड चिरण्याचा धोका कमी होतो. दांडीच्या वरच्या बाजूस लाकडाच्या रेषांची जी निमुळती टोके दिसतात, त्यांची दिशा बाणाच्या टोकाकडे ठेवावी.

पिसे लावण्याआधी दांडीला वॉर्निश द्यावे, कारण ओलावा शोषलेले लाकूड पुन्हा वाकते. पिसे तीन, परस्परांपासून १२० अंशांवर, आणि सर्व एकाच बाजूच्या पंखांची असावीत. डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांचा बाक उलट असतो, म्हणून ती एकत्र लावू नयेत. तयार बाणाचे वजन ओढीच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) ठेवावे, म्हणजे आपल्या धनुष्यासाठी ३२० ते ४०० ग्रेन. याहून हलक्या बाणाने धनुष्यावर फार ताण येतो.

प्रत्येक वेळी बाण सोडण्यापूर्वी तो दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून, फिरवून पाहावा. बारीकसाही तडा दिसला किंवा करकर ऐकू आली, तर तो चिकटवून वापरू नये, मोडून टाकावा.