कांद्याची ट्रॉली अन् वाटेत बसलेलं टायर

प्रश्न: राम राम साहेब. आमची दोन चाकी ट्रॉली आहे, येवल्याकडून लासलगावला मोकळा कांदा नेतो. मागच्या सीझनला वाटेत टायर बसलं, स्टेपनी होती पण जॅक आत जाईना आणि ट्रॅक्टरचा पाना नटाला बसेना, लिलाव हुकला. यंदा सोबत काय ठेवू? आणि स्टेपनीला रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं, चालेल का?
– एक वाचक, येवला तालुका

उत्तर: राम राम दादा. सामान होतं तुमच्याकडं, पण ते ट्रॅक्टरचं होतं. ट्रॉली वर्कशॉपवाल्यानं बनवलेली, त्यानं हब-डिस्क (ॲक्सलच्या टोकाचा गोल भाग आणि त्यावर बसणारी चाकाची लोखंडी थाळी) कुठली टाकली त्यावर नटाचा साइज, म्हणून आधी घरीच पाना लावून बघा आणि एक नट सोडूनच बघा, कारण वर्षभर चिखल-पाणी खाल्लेला नट नुसत्या पान्यानं हलत नाही, वर दोन-तीन फुटी पाइप घालावा लागतो. तो पाइप ट्रॉलीतच राहू द्या, शेतात नेला की परत येत नाही.

आता जॅक. सगळे रिकाम्या ट्रॉलीखाली बघतात आणि फसतात. हवा गेली की ॲक्सल चांगलाच खाली येतो, त्यात माल भरलेला, म्हणजे बाटली जॅक बुटका पाहिजे आणि तरी उचल जास्त पाहिजे, कारण भरलेली स्टेपनी बसवायला बसलेल्या टायरपेक्षा जास्त उंची लागते. जागाच नसेल तर एक जाड फळी बसलेल्या टायरपुढं टाका आणि ट्रॅक्टर हळू पुढं घेऊन चाक फळीवर चढवा, दोन इंच तरी मिळतात, जॅक घुसवून चाक उचललं की फळी काढून घ्या. दुसरी फळी जॅकखाली, नाहीतर साइडपट्टीच्या मुरमात जॅक रुततो आणि तिरका होतो. चढउतार असेल तर जॅक लावूच नका, सपाट जागेपर्यंत हळूहळू न्या, टायर गेलं तर जाऊ द्या.

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडायची नाही हं, हे लोक घाईत करतात. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार हुकावरच असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चांगल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, आणि नट जमिनीवर चाक असतानाच एकेक फेरा ढिले करा, उचलल्यावर चाक नुसतं फिरतं. ॲक्सलखाली लाकडी ठोकळे रचून ठेवा, जुन्या जॅकचं सील कधी बसेल सांगता येत नाही. नट आवळताना समोरासमोरचे, आणि पाच-दहा किलोमीटरवर थांबून परत एकदा, तेव्हाच हबला हात लावून बघा, चटका बसला तर ग्रीस किंवा बेअरिंगचं काम आहे.

एक गोष्ट जरा ठासून सांगतो. डिस्कला लॉक रिंग, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी कडी, असेल तर रस्त्यावर टायर उघडायचं नाही. पूर्ण हवा न सोडता रिंगला हातोडी मारली की ती गोळीसारखी सुटते, माणूस जागेवर जातो. आपण चाक बदलायचं, पंक्चर टायरवाल्याकडं.

अंधार पडायच्या आत निघत जा, तरी बॅटरी आणि रिफ्लेक्टर त्रिकोण ठेवाच, त्रिकोण बराच मागं लावायचा, ट्रॉलीला चिकटून नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, बाकी कुठंही ११२.

रिमोल्डचं म्हणाल तर स्टेपनीला चालेल, साइज मात्र तोच हवा. टायरच्या बाजूवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, रिमोल्डवर तो मूळ टायरचा असतो, त्यामुळं नवी नक्षी बघून भुलू नका, बाजूला बारीक भेगा असतील तर परत करा. आणि स्टेपनीत हवा महिन्यातून एकदा बघत जा, उन्हात ठेवू नका.